वर्गापूर्वीचा कागद

‘फ्लिप्ड क्लासरूम’ हा शब्द गेल्या काही वर्षांत आपल्या महाविद्यालयांची परिपत्रके, कार्यशाळांची निमंत्रणे आणि मूल्यांकन समित्यांपुढे ठेवायचे अहवाल यांत इतक्या वेळा येऊन गेला आहे, की आता त्याचा अर्थ विचारण्याचीही सोय राहिलेली नाही. व्याख्यान विद्यार्थ्याने घरी ऐकायचे आणि एरवी घरी करायचा अभ्यास वर्गात, शिक्षकाच्या देखत करायचा, अशी या उलट्या वर्गाची ढोबळ कल्पना. तिचा जन्म बहुधा २००७ साली अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या वुडलँड पार्क या लहान गावी झाला असे सांगितले जाते. तेथील माध्यमिक शाळेत रसायनशास्त्र शिकवणारे जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे दोन शिक्षक खेळांच्या सामन्यांमुळे वर्ग बुडणाऱ्या मुलांसाठी आपले पाठ ध्वनिचित्रमुद्रित करू लागले, आणि त्यातून पुढे सारे उभे राहिले. कथा खरी आहे. मात्र तिच्यामुळे एक गैरसमज रूढ झाला, तो असा की उलट्या वर्गाचा इतिहास म्हणजे चित्रफितीचा इतिहास.

साहित्य शिकवणाऱ्यांची या शब्दावरची प्रतिक्रिया ठरलेली असते. ‘यात नवे ते काय? कादंबरी घरी वाचून या, वर्गात चर्चा करू, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आहोत.’ हे अर्धेच खरे आहे. आपण सांगत आलो, पण विद्यार्थी वाचून येत नाहीत हे आपल्याला ठाऊक होते, आणि आपल्याला ते ठाऊक आहे हे विद्यार्थ्यांनाही ठाऊक होते. मग पहिली वीस मिनिटे आपणच कथानक सांगत असू. उलटा करायला घेतलेला वर्ग अशा रीतीने रोज आपोआप सुलटा होत असे.

म्हणून प्रस्तुत लेखात यंत्रांपेक्षा एका साध्या वस्तूचा मागोवा घ्यायचा आहे. वर्गाआधी विद्यार्थ्याच्या हाती काय दिले गेले, ते कसे रचले होते, आणि त्याच्याकडून वर्गाआधी परत काय मागितले? माझा समज असा की ज्या ज्या वेळी हा प्रयोग जमला, त्या त्या वेळी घरी पाठवलेल्या मजकुरातून काहीतरी जाणूनबुजून वगळलेले होते. आणि जेव्हा तो फसला, तेव्हा मजकूर बहुधा फार पूर्ण होता.

सुरुवात आपल्या घरातून करू. आय. ए. रिचर्ड्स मराठीच्या विद्यार्थ्याला भेटतो तो समीक्षेच्या पेपरात, भाषेच्या भावनिक वापराविषयीच्या टिपेत. त्याचे ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ (१९२९) हे पुस्तक ज्या अध्यापनातून निघाले, त्याकडे मात्र आपण अध्यापन म्हणून क्वचितच पाहतो. केंब्रिजमध्ये इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू होऊन जेमतेम काही वर्षे झाली होती. रिचर्ड्स वर्गात कवितांचे छापील कागद वाटत असे. कवितेवर कवीचे नाव नसे. काळाचा, संग्रहाचा उल्लेख नसे. विद्यार्थ्यांनी आठवडाभर त्या कविता जवळ ठेवायच्या, हव्या तितक्या वेळा वाचायच्या आणि मनात येईल ते मोकळेपणाने लिहून द्यायचे. लिहिणाऱ्याने स्वतःचे नाव घालू नये, मात्र कविता किती वेळा वाचली त्याची नोंद करावी, अशी अपेक्षा होती. आठवड्याअखेर हे कागद गोळा होत, आणि पुढच्या आठवड्यात रिचर्ड्स व्याख्यान देई ते काही अंशी कवितांवर आणि काही अंशी या टिपणांवर.

या रचनेत तपशीलवार पाहण्यासारखे बरेच आहे. पहिली गोष्ट निवडीची. डन आणि हॉपकिन्स यांच्याबरोबर आज कोणी नाव घेत नाही अशा पद्यकारांचाही समावेश त्या कागदांत होता. त्यामुळे ‘छापून दिले आहे म्हणजे चांगलेच असणार’ हा विद्यार्थ्याचा नेहमीचा आधार काढून घेतला गेला. दुसरी गोष्ट वाचनांच्या मोजणीची. आपल्याला हा आकडा लिहावा लागणार आहे हे माहीत असलेला वाचक एकदा वाचून थांबत नाही. चारपेक्षा कमी वाचने करणारे विरळाच होते, काहींनी तर दहा-बारा वेळा वाचले, असे रिचर्ड्सने नोंदवले आहे. एका सक्तीवाचूनच्या कामासाठी! तिसरी गोष्ट परताव्याची. शिक्षकाने पुढच्या तासाला काय बोलायचे हे विद्यार्थ्यांनी काय लिहिले यावर ठरत होते. तो आठवडा संपेपर्यंत रिचर्ड्सचे व्याख्यान पूर्ण होऊच शकत नव्हते.

आणि परत आले ते धक्कादायक होते. उत्तम शाळांतून आलेली, साहित्य हाच विषय घेतलेली मुले कवितेचा साधा वाच्यार्थही चुकत होती. कोणी कवितेत नसलेली स्वतःची आठवण तिच्यावर लादत होते, कोणी धर्मविषयक मतभेदापायी कविता नाकारत होते, कोणी यमक चुकले म्हणून रागावत होते. लाँगफेलोची एक कविता तर नाव झाकल्यावर जवळजवळ सर्वांनीच झिडकारली. रिचर्ड्सने या चुकांची दहा अडचणींत वर्गवारी केली, आणि पुस्तकाचा मोठा भाग टिपणांतील उतारेच व्यापतात. इंग्रजी समीक्षेत या पुस्तकाने काय घडवले हा वेगळा विषय आहे. नावाशिवाय, काळाशिवाय कविता वाचायला लावणे म्हणजे तिचा इतिहास कापून टाकणे, हा त्यावरचा आक्षेपही जुना आहे आणि त्यात तथ्य आहे. पण अध्यापनाच्या दृष्टीने पाहता त्याने काढून घेतलेली माहिती कायमची काढून घेतलेली नव्हती. ती वर्गासाठी राखून ठेवलेली होती.

रिचर्ड्सच्या आधी अर्धशतक हीच युक्ती एका अगदी निराळ्या विषयात झाली होती. ख्रिस्तोफर कोलंबस लँगडेल १८७० साली हार्वर्डच्या कायदा विद्यालयाचा प्रमुख झाला. तोवर कायदा शिकवण्याची पद्धत सरळ होती: प्राध्यापक तत्त्वे सांगे, विद्यार्थी उतरून घेत आणि पाठ करत. लँगडेलने १८७१ साली करारांच्या कायद्यावर एक पुस्तक सिद्ध केले. त्यात तत्त्वांचे विवेचन नव्हते. होते ते केवळ जुन्या खटल्यांचे निकाल, एकामागून एक. विद्यार्थ्याने ते घरी वाचून यायचे. तत्त्व कोणते निघते ते वर्गात प्रश्नोत्तरांतून शोधायचे.

उदाहरणादाखल या पद्धतीच्या पहिल्या तासाशी ज्याचे नाव जोडले जाते तो ‘पेन विरुद्ध केव्ह’ हा १७८९ चा इंग्लिश खटला घ्या. लिलावात एकाने बोली लावली, आणि हातोडा पडण्याआधीच ती मागे घेतली. त्याला ती वस्तू घेण्याची सक्ती करता येईल काय? न्यायालय म्हणाले, नाही. बोली हा केवळ प्रस्ताव, हातोडा पडणे ही त्याची स्वीकृती, आणि स्वीकृतीपूर्वी प्रस्ताव मागे घेता येतो. आता हे वाक्य पाठ्यपुस्तकात नियम म्हणून दिले तर विद्यार्थी ते अधोरेखित करून पुढे जाईल. पण घटना आणि निकाल एवढेच हाती असले, तर त्याला विचारावे लागते: विक्रेत्याने लिलाव पुकारला तोच प्रस्ताव का मानू नये? हातोडा हवेत असताना काय? ही कथा आहे, आणि कथा वाचणाऱ्याला सार काढावेच लागते. साहित्याच्या माणसाला हे पटवून सांगण्याची गरज नसावी.

विद्यार्थ्यांना मात्र ते रुचले नाही. आपण कायदा शिकायला शुल्क भरले आहे, सहाध्यायी काय समजतात ते ऐकायला नव्हे, असा सूर उमटला. लँगडेलचा वर्ग ओसरत ओसरत मोजक्या विद्यार्थ्यांवर आला. त्यांना इतर मुले चिडवीत असत. तरीही पुढच्या काही दशकांत हीच पद्धत अमेरिकेतल्या कायदा-शिक्षणाची सर्वमान्य पद्धत झाली, आणि ‘केसबुक’ हा पाठ्यपुस्तकाचा एक स्वतंत्र प्रकार ठरला. अर्थात तिला एक काळी बाजूही होती. प्रश्न सर्वांसमक्ष, नाव पुकारून विचारला जाई. न वाचता येणाऱ्याची फजिती हेच वाचून येण्यामागचे मोठे कारण होऊन बसले. रिचर्ड्सच्या अनामिक कागदाशी याची तुलना करून पाहावी. या मुद्द्याकडे मला शेवटी परत यायचे आहे.

उलट्या वर्गाचे मूळ याहूनही मागे नेणारे लोक वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीकडे बोट दाखवतात. तेथे सिल्व्हेनस थेयर १८१७ ते १८३३ या काळात प्रमुख होता. छात्राने पाठ आधी स्वतः तयार करून यायचा, लहान तुकडीत फळ्यापाशी उभे राहून तो मांडून दाखवायचा आणि रोज गुण मिळवायचे, ही ‘थेयर पद्धत’. (साहित्याच्या वाचकांसाठी एक आडवळण: एडगर ॲलन पो हा १८३०-३१ साली याच अकादमीत होता. अभ्यासात तो मुळीच मागे नव्हता. मात्र कवायतीला आणि वर्गाला जाणेच सोडून दिल्यामुळे त्याच्यावर लष्करी खटला होऊन त्याची गच्छंती झाली. जाताना सहाध्यायी छात्रांकडून वर्गणी जमवून त्याने काव्यसंग्रह काढला आणि तो त्यांनाच अर्पण केला.) थेयरच्या पद्धतीत क्रम उलटलेला होता यात शंका नाही. पण घरी वाचायच्या पुस्तकात सिद्धान्त, त्याची सिद्धता, उत्तर, सारेच होते. छात्र ते घेऊन येई आणि परत मांडून दाखवी. शिस्त म्हणून ते थोर असेल. पण वर्गात नव्याने घडण्यासारखे तेथे फार थोडे उरत होते.

या इतिहासातील सर्वांत बोलके प्रकरण विसाव्या शतकाच्या अखेरचे आहे, आणि ते एका चांगल्या व्याख्यात्याचे आहे. एरिक मझुर १९८४ पासून हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवू लागला. तासासाठी तो स्वतःची टिपणे तयार करी. पाठ्यपुस्तकापेक्षा आपली मांडणी वेगळी म्हणून त्याने त्यांच्या प्रती विद्यार्थ्यांना वाटल्या. वर्षअखेरीच्या अभिप्रायांत कौतुकाबरोबर एक तक्रार आली: सर सरळ आपल्या नोट्समधूनच शिकवतात. ही तक्रार त्याला प्रथम कृतघ्नपणाची वाटली. वस्तुतः ती नेमकी होती. कागदावर जे आहे तेच बोलायचे असेल, तर दोहोंपैकी एक अनावश्यक आहे.

१९९० च्या सुमारास त्याच्या वाचनात हलून आणि हेस्टेनेस या दोन संशोधकांचे काम आले. न्यूटनचे नियम शिकून झाल्यावरही विद्यार्थ्यांची बल आणि गती यांविषयीची जुनी, अनुभवजन्य समजूत तशीच राहते, असे त्यांनी साध्या शाब्दिक प्रश्नांच्या चाचणीतून दाखवले होते. जड मालमोटार आणि हलकी मोटारगाडी यांची टक्कर झाली, तर कोण कोणावर अधिक बल लावते? दोन्ही सारखेच, हे तिसऱ्या नियमाचे उत्तर. आपल्या हुशार विद्यार्थ्यांना हे नक्की येईल अशा खात्रीने मझुरने चाचणी घेतली. तेव्हा एका विद्यार्थिनीने त्याला विचारले की उत्तर तुम्ही शिकवले त्याप्रमाणे लिहायचे, की मला खरोखर वाटते त्याप्रमाणे? परीक्षेत किचकट गणिते सोडवणारी मुले या प्रश्नांत चाचपडली. आपल्याकडे ‘रसग्रहण करा’ या प्रश्नाला ठरलेल्या विशेषणांनी पूर्ण गुण मिळवणारा विद्यार्थी कविता आवडली का असे विचारल्यावर गप्प होतो, त्याचीच ही भौतिकशास्त्रातली आवृत्ती.

मझुरने पुन्हा पुन्हा समजावून पाहिले, तरी चेहरे कोरेच. शेवटी हताश होऊन त्याने विद्यार्थ्यांना आपसांत बोलायला सांगितले. वर्गात गलका झाला, आणि काही मिनिटांत बहुतेकांना उलगडा झाला. ज्याला ते कालच समजले आहे, त्याला न समजण्याची वाट अजून आठवते. प्राध्यापक ती केव्हाच विसरलेला असतो. १९९१ पासून त्याने याला पद्धतीचे रूप दिले. विद्यार्थ्याने वाचन आधी करून यायचे. वर्गात एक प्रश्न, प्रत्येकाचे स्वतंत्र उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा उत्तर. १९९७ साली त्याचे ‘पीअर इन्स्ट्रक्शन’ हे पुस्तक निघाले.

या पद्धतीचे यश प्रश्नाच्या घडणीवर अवलंबून आहे, आणि येथेच ‘मजकूर रंजक करणे’ याविषयीच्या आजच्या समजुतींना काही शिकण्यासारखे आहे. मझुर आणि कॅथरिन क्राउच यांनी २००१ साली दहा वर्षांच्या अनुभवाचा आढावा घेतला. पहिल्या फेरीत साधारण ३५ ते ७० टक्के विद्यार्थ्यांचे उत्तर बरोबर येईल असा प्रश्न चर्चेला सर्वांत उपयोगी, असे त्यांचे म्हणणे. त्याहून सोपा असेल तर बोलण्यासारखे काही नाही. फार अवघड असेल तर बोलू शकणारे कोणी नाही. घरच्या वाचनासाठीही त्यांनी प्रश्न दिले: दोन मजकुरावर, आणि तिसरा नेहमी एकच, यात तुम्हाला अवघड किंवा गोंधळात टाकणारे काय वाटले? गोंधळ काहीच नसेल तर सर्वांत रंजक काय वाटले ते लिहा. ही कल्पना ग्रेगर नोवाक आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या ‘जस्ट-इन-टाइम टीचिंग’ या पद्धतीतून आलेली. त्यात वर्गाला जाण्याआधी शिक्षक विद्यार्थ्यांची उत्तरे वाचतो आणि त्याप्रमाणे तास बदलतो. रिचर्ड्सचा आठवडा येथे काही तासांवर आला होता, एवढेच. पुढच्या काळात मझुर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘पेरुसॉल’ नावाची व्यवस्था उभी केली. तीत विद्यार्थी पाठ्यमजकुराच्या समासात टिपा लिहितात आणि एकमेकांच्या टिपांना उत्तरे देतात. एका भौतिकशास्त्रज्ञाने शेवटी भाष्यग्रंथाच्या जुन्या परंपरेपाशी यावे, याची आम्हा साहित्यवाल्यांना गंमत वाटल्यास नवल नाही.

आता चित्रफितीकडे. २००० साली ओहायोतील मायामी विद्यापीठाच्या लेज, प्लॅट आणि ट्रेग्लिया या अर्थशास्त्राच्या तीन अध्यापकांनी ‘वर्ग उलटा करणे’ या शब्दांतच आपला प्रयोग प्रसिद्ध केला. कोणी पुस्तक वाचावे, कोणी मुद्रित व्याख्यान पाहावे, ज्याला जे मानवेल ते. पण त्याबरोबर एक कार्यपत्रिका होती. ती सोडवून आणायची, आणि त्यांतल्या काही अचानक गोळा करून तपासल्या जात. पुढे हा प्रयोग जेथे जेथे उद्धृत झाला, तेथे व्याख्यानांच्या फिती लक्षात राहिल्या आणि ती सामान्य कार्यपत्रिका विस्मरणात गेली. २०१२ साली बर्गमन आणि सॅम्स यांचे पुस्तक आले. खान अकादमीच्या चित्रफिती तोवर जगभर पोचल्या होत्या. उलटा वर्ग म्हणजे कॅमेरा हे समीकरण पक्के झाले. २०२० च्या महासाथीत ते आपल्याही घरात शिरले. पंचेचाळीस मिनिटांचे व्याख्यान भ्रमणध्वनीपुढे जसेच्या तसे म्हणून दाखवणारे आपण सारेच त्या दिवसांचे साक्षीदार आहोत.

या पंचेचाळीस मिनिटांविषयी माहिती आधीच उपलब्ध होती. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘एडएक्स’च्या चार अभ्यासक्रमांतील ६९ लाख प्रेक्षणसत्रांची तपासणी केली. फीत कितीही लांब असो, प्रेक्षक तीत रमण्याचा मध्यम कालावधी फार तर सहा मिनिटांचा निघाला. महागड्या स्टुडिओपेक्षा शिक्षकाच्या टेबलापाशी साधेपणाने घेतलेले चित्रण अधिक धरून ठेवते, हेही त्यात दिसले. सहा मिनिटांचा हा आकडा पुढे मंत्रासारखा म्हटला जाऊ लागला. पण लहान केलेले व्याख्यान हे व्याख्यानच असते, आणि सहा मिनिटांत सारे काही सांगून टाकता येते.

आपल्याकडे या बाबतीत काहीच विचार झाला नाही असे मात्र नाही. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थिकेंद्री ‘मूक’ अभ्यासक्रमांचा एक आराखडा तयार केला. (‘मूक’ हे मोठ्या खुल्या आंतरजालीय अभ्यासक्रमांच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षरी रूप, मराठीत त्याचा जो अर्थ होतो तो अनेकदा लागूही पडतो.) त्यात चित्रफितीला ‘शिक्षणसंवाद’ म्हटले आहे, आणि तीत मध्येच एक विचारस्थळ ठेवलेले असते. तेथे शिक्षक थांबतो, प्रेक्षकाला फीत थांबवायला सांगतो, काहीतरी लिहायला लावतो, आणि मग पुढे जाताना त्या संभाव्य उत्तरांना धरून बोलतो. दूरशिक्षणवाल्यांना हे अपरिचित नाही. १९६९ साली सनद मिळालेल्या ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात डेरेक राउनट्री याने ‘छापील शिकवणी’ अशी कल्पना मांडली होती: पान म्हणजे विद्यार्थ्याशेजारी बसलेला शिक्षक, जो दर काही परिच्छेदांनी प्रश्न विचारतो. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, आणि स्वयंअध्ययनाच्या पुस्तकांची एक परंपरा मराठीतही रुजली. घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मध्ये स्वयंअध्ययनासाठी प्रश्न, अखेरीस त्यांची उत्तरे. यातली कित्येक पुस्तके नेमस्त आणि रूक्ष आहेत हे मान्य, पण एकट्याने वाचणाऱ्या माणसाचा विचार करून मराठी गद्य लिहिण्याचा तो एक प्रामाणिक प्रयत्न होता, आणि त्या गद्याचा अभ्यास अजून कोणी केलेला माझ्या पाहण्यात नाही. कोणा संशोधक विद्यार्थ्याने जरूर घ्यावा.

मात्र आपल्या विद्यार्थ्याच्या घरी जाणारा मजकूर म्हटला की पहिला क्रमांक गाईडचाच. लेखक-परिचय, कथानक, व्यक्तिचित्रे, रसग्रहण, अपेक्षित प्रश्न आणि त्यांची उत्तरे. काहीही सुटलेले नसते. कादंबरी सुटते, एवढेच. महासाथीच्या काळात आपण ज्या चित्रफिती केल्या त्यांतल्या बहुतेक, माझ्याही, आवाज लावलेली गाईडेच होती असे आता ऐकताना वाटते.

गेल्या वर्षी मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला एका कथेची पहिली काही पाने पाठवली. शीर्षक आणि लेखकाचे नाव काढून टाकले होते. कथा बाबूराव बागूल यांची, ‘जेव्हा मी जात चोरली होती’. १९६३ च्या त्याच नावाच्या संग्रहातली. शीर्षकातच सारे उघड होते, म्हणून ते झाकणे भाग होते. रेल्वेतील नोकरीसाठी परगावी आलेल्या निवेदकाला जात विचारली जाते आणि तो थेट उत्तर देत नाही, एवढ्या भागापर्यंतच पाने होती. प्रश्न दोन. निवेदक काय सांगायचे टाळतो आहे, आणि ते तुम्हाला कोणत्या शब्दापाशी कळले? दुसरा, तुम्ही कोठे थांबलात? उत्तर चार ओळींत, आदल्या रात्री नऊपर्यंत मला पाठवायचे.

रिचर्ड्सची सोय आपल्याला उरलेली नाही हे पहिल्या तासाभरातच समजले. तिघांनी एक वाक्य शोधयंत्रात घालून शीर्षक काढले. दोघांची उत्तरे इतकी गुळगुळीत होती, की ती यंत्राने लिहिलेली आहेत हे सांगायला तज्ज्ञ नको होता. पण ‘कोणत्या शब्दापाशी’ या प्रश्नाने यंत्रही जरा अडखळते, आणि ‘तुम्ही कोठे थांबलात’ याचे उत्तर तर त्याच्याकडे नसतेच. एकाने लिहिले, मी दुसऱ्या पानावर थांबलो कारण भावाला फोन हवा होता. मला ते उत्तर त्या गुळगुळीत परिच्छेदांहून मोलाचे वाटले. घरी पाठवलेला मजकूर कोणत्या घरात जातो हे त्यातून दिसते. काहींनी निवेदक गरिबी लपवतो आहे असे लिहिले, काहींनी गुन्हा. चौघा-पाचांना जात हे पहिल्याच विचारणीत कळले होते. वर्गात उरलेली कथा वाचताना या तीन गटांत जी वादावादी झाली, तशी माझ्या तासाला क्वचितच होते. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी मात्र म्हणाली, ‘सर, आज शिकवणं झालंच नाही.’ हार्वर्डमध्येच लुई डेलॉरिये आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असेच आढळले होते: स्वतः सोडवत शिकलेल्या विद्यार्थ्यांना चाचणीत अधिक गुण मिळाले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते. हे मी तिला सांगितले. तिला ते फारसे पटलेले दिसले नाही, आणि विद्यापीठाचा पेपर पाहता तिची काळजी अनाठायी नव्हती.

त्या रात्री आलेल्या उत्तरांत आणखी एक उत्तर होते. ते चार ओळींचे नव्हते, दीड पानाचे होते. शहरात शिकायला आल्यावर खोली शोधताना घरमालकिणीने आडनाव विचारले, आडनावावरून काही कळेना तेव्हा गाव विचारले, मग गावात घर कोणत्या बाजूला आहे ते विचारले. आणि आपण खोटे सांगितले. निवेदक नेमका कोणत्या शब्दापाशी खोटे बोलू लागतो ते त्या विद्यार्थिनीने वर्गातल्या कोणाहीपेक्षा अचूक दाखवले होते. शेवटी लिहिले होते, ‘सर, वर्गात वाचू नका.’

मी ते वाचले नाही. लँगडेलच्या वर्गात तिचे नाव पुकारले गेले असते. रिचर्ड्सने ते निनावी उतारा म्हणून छापले असते. पण केंब्रिजच्या त्या मोठ्या वर्गात निनावी राहणे शक्य होते, आमच्या अडतीस जणांत नाही. तासभर चर्चा गरिबी की गुन्हा की जात या वळणांनी जात राहिली. माझ्या खिशात त्या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर होते, आणि ती तिसऱ्या बाकावर खाली मान घालून वही काढत बसली होती. मी चर्चा त्या शब्दाकडे आणून सोडली. तेथून पुढे कोणी गेले नाही. तीही गेली नाही.

पुढच्या कथेच्या कागदावर मी तिसरा प्रश्न वाढवला आहे: तुमचे उत्तर वर्गात वाचले तर चालेल का? खाली दोन चौकटी आहेत. पहिल्या वेळी बावीस जणांनी ‘नाही’वर खूण केली. त्यांतली बहुतेक उत्तरे अगदी साधीच होती.